मामा खाली बसले, त्याची गोष्ट

बदलापुरात माणसं पुष्कळ झाली, इमारती त्याहून पुष्कळ झाल्या, पण माझ्या बायकोच्या मामांना खाली बसलेलं पाहिलंय असा एक माणूस मला आणून दाखवा, मी त्याला माझी आरामखुर्ची देऊन टाकतो. आणि माझी आरामखुर्ची ही काय चीज आहे ते माझ्या घरच्यांना विचारा. मी एका औषध कंपनीच्या अकाउंट्स खात्यात जन्म काढलेला माणूस. बसणं हा माझा धंदा होता आणि निवृत्तीनंतर तोच माझा छंद झाला. अशा माणसाच्या पदरात देवाने बायकोचे मामा म्हणून हे पायाला भिंगरी लावलेलं प्रकरण का टाकलं असेल, याचा मी बसल्या बसल्या पुष्कळ विचार केला आहे. "बसा मामा" असं मी त्यांना पहिल्यांदा म्हणालो ते आमच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी. "बसतो, बसतो, तुमचं चालू द्या," म्हणाले आणि बोलणी संपेपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या खोल्या, मोरी, माळा आणि मागची पाण्याची टाकी बघून आले. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा ठीक आहे, पण टाकीचं झाकण बदलून घ्या." वडिलांनी दुसऱ्याच दिवशी बदललं.

मामा चहा उभ्याने पितात. जेवतात ते ताट हातात घेऊन, आणि तेही बुफे नावाचा प्रकार आमच्याकडच्या लग्नांत शिरण्याच्या कितीतरी आधीपासून. पेपर कंपाउंडच्या भिंतीवर पसरून वाचतात, आणि पान उलटायच्या आत शेजारच्या घरात डोकावून येतात. एकदा सत्यनारायणाला यजमान म्हणून पाटावर बसायची पाळी आली. "गुरुजी, जरा समईतलं तेल बघतो," म्हणून जे उठले ते एकदम प्रसादालाच उगवले. मधली सगळी पूजा मामींनी शेजारी सुपारी ठेवून उरकली. मामी शांत बाई आहेत, फार बोलत नाहीत, पण बोलल्या की मामांना चार दिवस पुरतं. "आमच्या लग्नात यांनी मनापासून केलेला विधी एकच," त्या म्हणतात, "सप्तपदी. तीसुद्धा गुरुजींनी थांबवलं म्हणून थांबले, नाहीतर तसेच मांडवाबाहेर गेले असते."

मामांचा धंदा घरं दाखवण्याचा. एजंट म्हटलेलं त्यांना चालतं, दलाल म्हटलं की खपत नाही. पण घर दाखवण्याची त्यांची जी तऱ्हा आहे ती बघून कोणी त्यांना दलाल म्हणेल असंही वाटत नाही. जाहिरातीत छापलेलं असतं, 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. मामा गिऱ्हाइकाला स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यापाशी नेतात, दोन किलो बटाटे घेतात, वर एक कलिंगड घेतात आणि दोन्ही पिशव्या गिऱ्हाइकाच्या हातात देतात. "रिक्षा नाही का करायची?" गिऱ्हाईक विचारतं. "रोज रिक्षा परवडणारे का? रोज संध्याकाळी हातात पिशवी असणार, मग आजच का नको? चला, बघू कोणाची पाच मिनिटं आहेत ती!" असं म्हणून मामा सुटतात. मागून ते बिचारं नवरा-बायकोचं जोडपं, घामाने डबडबलेलं, एकमेकांच्या हातात कलिंगड देत घेत येत असतं. मांजर्लीला नदीकडच्या इमारतीत गेलं, की हॉल आणि किचन राहिलं बाजूला, आधी जिन्याखालच्या भिंतीवरची पुसट रेघ दाखवणार. "ही बघा. नदी इथपर्यंत येऊन गेलीय. आता कशी गरीब दिसते, पण मोठा पाऊस झाला की पाहुणी येते. दुसऱ्या मजल्याचं घेणार असाल तर पुढे बोलू." बिल्डरचा माणूस बाजूला कपाळाला हात लावून उभा असतो. आणि गंमत म्हणजे लोक दुसऱ्या मजल्याचं घेतात. माझंही कात्रपचं घर मामांनीच घेऊन दिलं. कलिंगड मीही वाहिलं आहे, आणि त्या दिवशी मनातल्या मनात मामांना जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घर मात्र चांगलं निघालं.

उल्हासनगरला कॅम्पात मामांचे एक सिंधी दोस्त आहेत, याच धंद्यातले. मामा त्यांना साईं म्हणतात आणि साईं मामांना मामा म्हणतात. साईंची माझी पहिल्या भेटीतच गट्टी जमली, कारण तेही माझ्यासारखेच बैठ्या पंथाचे. सकाळी एकदा गादीवर मांडी घातली की दुपारच्या जेवणालाच ती मोडणार. सगळे व्यवहार फोनवर. गादीवरून न हलता त्यांनी अर्धं उल्हासनगर इकडून तिकडे राहायला नेलं आहे. "मामा, आलू क्यों पकड़ाते हो पार्टी को? सौदा पकड़ाओ!" ते म्हणतात. मामा ऐकतात, हसतात आणि ते हसणं पुरं व्हायच्या आत दुकानाबाहेर पडलेले असतात.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही नेतोच. पण मामांची भिंगरी ही काही जन्मजात खोड एवढीच नाही. ते अंबरनाथला एका रंगाच्या फॅक्टरीत ऑपरेटर होते. कामच फिरायचं. दर तासाला प्लांटमधून राऊंड मारायचा, व्हॉल्व्ह बघायचे, काटे बघायचे. एक दिवस गेटला टाळं लागलं. केस कोर्टात गेली. आज उघडेल, उद्या उघडेल, म्हणून सगळी मंडळी रोज डबा घेऊन गेटसमोरच्या कट्ट्यावर बसायला लागली. मामाही बसायचे. मग हळूहळू एकेकाचं बोलणं कमी झालं, मग एकेकाचं येणं बंद झालं, मग एकेकाची बातमी यायला लागली. त्यातल्या एकाला राहती खोली विकून कोकणात जायचं होतं, त्याला गिऱ्हाईक शोधायला म्हणून मामा कट्ट्यावरून उठले, ते उठले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, नदीच्या पुलावरून जाताना. "जावईबापू, ते काय आजाराने नाही गेले हो. बसले म्हणून गेले. आपण बसलो की संपलो." हे सांगताना ते इतके भराभर चालत होते की मला अर्धं ऐकूच आलं नाही, पुन्हा विचारायचा धीरही झाला नाही.

आणि अशा माणसावर परीक्षा आली! रेरा म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणारा कायदा. त्याप्रमाणे एजंटाला नोंदणी लागते, हे मामांना ठाऊक होतं. "करू, करू" म्हणत साईंचा माणूस म्हणून ते साइटवर जात होते. मग नियम कडक झाला. आधी शिक्षणवर्ग पुरा करा, मग परीक्षा द्या, पास झालात तर नोंदणी. नव्या इमारतींच्या ऑफिसांत दारातच नंबर विचारायला लागले. एवढंच कशाला, जुनी भाड्याची खोली बघायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा "काका, रेराचं लायसन आहे ना?" असं विचारायला लागलं. साईंनी गादीवर बसून अभ्यास केला आणि पहिल्या झटक्यात पास झाले. बसण्याची परीक्षा म्हटल्यावर ते पास होणारच. "मामा, कुछ नहीं है. बस बैठना है," त्यांनी दिलासा दिला. मामांचा चेहरा जो उतरला तो तिथेच उतरला.

पहिला वर्ग उल्हासनगरला, जीन्सच्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये होता. लिहायला फळी लावलेल्या खुर्च्या. एकदा आत अडकलं की फळी उचलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मामा मागे भिंतीला टेकून उभे राहिले. शिकवणाऱ्या गृहस्थांना वाटलं हा हॉलचा माणूस. त्यांनी "जरा एसी वाढवा हो," म्हणून सांगितलं. मामांनी वाढवला. "पंधरा चहा सांगा." मामा धावत खाली गेले आणि स्वतः घेऊन आले. दिवसभर मामा इतके रमले की विचारता सोय नाही. संध्याकाळी हजेरी घेताना मामांनी "हजर" म्हटलं, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कशाला हजेरी लावताय?" तो दिवस फुकट गेला. मामा म्हणाले, "पण चहा चांगला होता."

मग ऑनलाइन वर्ग निघाला. घरबसल्या शिका, अशी त्याची जाहिरात होती. त्यातला 'बसल्या' मामांनी वाचलाच नाही. शिकवणाऱ्या मॅडमची अट होती की कॅमेरा चालू पाहिजे. मामांनी कॅमेरा चालू केला, फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवला, तोंड बाहेर करून, आणि निघाले. त्यामुळे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून वर्गाला आलेल्या मंडळींना मॅडमच्या चेहऱ्याशेजारच्या चौकोनात बदलापूर गावातली देवळं, कोंबड्या, मच्छीवाल्या आणि गटाराची कामं दिसत होती. मॅडमचा नाइलाज होता, चौकोनात हालचाल होती म्हणजे माणूस जागा होता. शेवटी एका दुपारी मॅडम अगदी जीव तोडून शिकवत होत्या की नोंदणी नसताना नव्या प्रकल्पातलं घर कोणाला दाखवणं हा गुन्हा आहे. नेमकं तेव्हाच चौकोनात एक कोरं करकरीत किचन आलं आणि मामांचा आवाज आला, "हा कट्टा बघा, उंची बरोबर आहे. इथे फ्रिज नका ठेवू, दार अडतं." साताऱ्याच्या कोणीतरी आवाज चालू करून विचारलं, "काका, जरा खिडकी दाखवा की. पूर्वेला येते का?" मामांनी दाखवली! पूर्वेलाच येते म्हणाले, स्वतःसाठी बघताय का म्हणाले, किंमतही सांगून टाकली.

"काका!" मॅडम किंचाळल्या. "मी आत्ता जो गुन्हा शिकवतेय तोच तुम्ही माझ्या वर्गात करताय! व्हा बाहेर!"

"मी बाहेरच आहे मॅडम," मामा नम्रपणे म्हणाले.

झालं, तोही वर्ग गेला. पुन्हा नाव घातलं ते मी मध्ये पडून, मॅडमना फोन करून, काकांचा चेहरा सतत दिसेल असा शब्द देऊन. आणि तो शब्द पाळायचा कोणी? मीच. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मामा चालत, आणि त्यांच्या पुढे मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरून उलट्या पावलांनी चालत असे. सगळा अभ्यासक्रम मी असा उलटा चालून ऐकला आहे. कार्पेट एरिया म्हणजे काय, बिल्डरने पैसे कोणत्या खात्यात ठेवायचे, ताबा लांबला तर काय, मला झोपेतून उठवून विचारा. दोनदा पाण्याच्या टाकीवर आपटलो. बायको म्हणाली, "मामांसाठी तुम्ही चाललात हो, माझ्यासाठी कधी नाक्यापर्यंत नाही आलात."

एवढं करून पहिल्या परीक्षेत मामा नापास झाले. आदल्या दिवशी चालता चालता त्यांनी माझ्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. "काय झालं सांगू का," ते म्हणाले, "सगळे प्रश्न ओळखीचे होते. पण खुर्चीत बसलो की डोकंच चालेना. म्हटलं एक चक्कर मारून येतो. तो देखरेख करणारा म्हणाला, उठलात तर पेपर संपला. म्हटलं, मग संपला." आम्ही हसलो. पण काही दिवसांनी मामा आमच्याकडे आले आणि गॅलरीत जाऊन नुसते उभे राहिले. चहा घेतला नाही. टाकी बघितली नाही. मग म्हणाले, "आज साइटवरच्या पोरीने आत नाही सोडलं. नंबर नाही म्हणाली. पोरगी वाईट नाही हो, पाणी दिलं मला. खुर्ची आणून दिली बाहेर, सावलीत. म्हणाली, बसा काका." ते 'बसा काका' त्यांनी असं उच्चारलं की माझी बायको उठून आत गेली. त्या क्षणी मी ठरवलं, हा माणूस पास झालाच पाहिजे.

तोडगा काढला मामींनी. "यांच्या हातांना काम द्या," त्या म्हणाल्या, "म्हणजे पाय गप्प राहतील." आणि संध्याकाळी त्यांनी मामांच्या पुढ्यात मोड आलेल्या कडव्या वालांची परात ठेवली. ज्याने वाल सोलले आहेत त्याला सांगायला नको. भिजलेला दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल हातात आणि डाळिंबी परातीत. हात बुळबुळीत होतात, परात मांडीवर असते, आणि एकदा बसलं की परात संपेपर्यंत उठवत नाही. पहिल्या दिवशी मामा मूठभर वाल होईपर्यंत बसले आणि विंचू चावल्यासारखे उठले. दुसऱ्या दिवशी मामींनी परात मांडीवर नीट टेकवून ठेवली. माझी बायको प्रश्न वाचायची, मामा दाणा दाबायचे आणि उत्तर द्यायचे. हळूहळू बसणं वाढत गेलं. आरतीएवढं, मग मालिकेएवढं, मग तर अख्ख्या बातम्या आणि वर हवामान. मी समोर आरामखुर्चीत बसून बसण्याची कला शिकवत होतो: पाठ टेकवा, खांदे सोडा, कुठे जायचंय आपल्याला? दोन्ही घरांत रोज वालाचं बिरडं. सकाळी बिरडं, रात्री बिरडं, शेजाऱ्यांना वाटीभर बिरडं. साईंना डबा जायला लागला. शेवटी त्यांचा मला फोन आला, "भाईसाब, मामा को पास करवाओ जल्दी. हमसे अब नहीं खाया जाता!"

दुसऱ्या परीक्षेला कल्याणला मी बरोबर गेलो. केंद्राच्या दारात तपासणीला खाकी गणवेशातल्या एक बाई होत्या, जवळपासच्याच गावातल्या असाव्यात. त्यांनी मामांच्या खिशाला हात लावला आणि हात मागे घेतला. खिसा ओला होता. मामांनी आतून गाठ मारलेला रुमाल काढला.

"ह्ये काय?"

"वाल."

"कसलं वाल?"

"कडवे. मोड आलेले आहेत," मामा म्हणाले, जणू मोड नसते तर हरकत घेणं रास्त होतं.

"परीक्षेला वाल?"

"सोलायला."

मागची रांग खिदळायला लागली. बाई हसल्या नाहीत. "आत कायबी न्यायचा नाय बाबा. वरून हुकूम हाय." मामांनी रुमाल माझ्या हातात दिला. "चला जावईबापू. नाही जमायचं." आणि ते खरंच वळले. मी आयुष्यात कोणासाठी भांडलेलो नाही, कधी कोणाला गळ घातलेली नाही, पण मी त्या बाईंना रांग अडवून सगळं सांगितलं. या माणसाला बसता येत नाही, हातात वाल असले तर बसतो, एकदा नापास झालाय, आता पुन्हा नापास झाला तर हा घरी बसेल आणि घरी बसला तर हा जगायचा नाही. काय बोललो, कसं बोललो, देव जाणे. बाईंनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला रुमाल घेतला, गाठ सोडली, एक दाणा चिमटीत धरून दाबला, बघितला.

"जा बाबा आत," त्या मामांना म्हणाल्या. "तुझं वाल मी सोलते. इकरंच बसून सोलते, एक दाना वाया जायाचा नाय. तू तिकरं बस, मी इकरं बसते."

मामा आत गेले. दार बंद झाल्यावर बाई स्टुलावर बसल्या आणि रुमाल मांडीवर पसरून सोलायला लागल्या. मी शेजारी पायरीवर बसलो आणि न सांगता त्यांना मदत करायला लागलो. मामा वेळ संपल्यावर, सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. घामाघूम, पण हसत. "दोनदा उठणार होतो," परतीच्या वाटेवर ते म्हणाले. "पण म्हटलं, ओळख ना पाळख, ती बाई आपल्यासाठी बाहेर बसलीय. मग आपण कसं उठायचं?" या वेळी मामा पास झाले.

नंबर आला तेव्हा मामांनी पेढे वाटत अख्खं बदलापूर पालथं घातलं. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्या वर्गात मॅडमनी एक शिकवलं होतं, आणि तेव्हा फोन धरून मीच समोर होतो: नोंदणीचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दर्शनी भागात लावलं पाहिजे. आता मामांची धंद्याची जागा कोणती? मामांचा मुलगा पुण्याला असतो, त्याने हौसेने गावात एक गाळा भाड्याने घेऊन दिला. टेबल आलं, फिरती खुर्ची आली, भिंतीवर फ्रेम आली. मामांनी असं डोक्यात घेतलं की फ्रेम आहे तिथे दुकान उघडं पाहिजे, आणि दुकान उघडं म्हणजे माणूस जागेवर पाहिजे. "मामा, असं कुठेही लिहिलेलं नाही," मी किती वेळा सांगितलं. "कायदा मला तुमच्याइतकाच पाठ आहे." तर म्हणायचे, "आणि कोणी तपासायला आलं, आणि मी नसलो तर? एवढ्या लोकांनी मिळवून दिलेला नंबर आहे तो." गिऱ्हाईक आलं तर फोनवरच घर बघायचं, आणि आवडलं तर बिल्डरच्या गाडीतून जायचं. मामांनी कुठे जायची गरजच उरली नाही.

परवा दुपारी मी त्या बाजूला गेलो होतो. मामा खुर्चीत बसले होते. पाठ टेकवून, खांदे सोडून, अगदी मी शिकवलं तसं. पंखा फिरत होता. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, पण बघत नव्हतेही. मी दारात उभा आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. "या जावईबापू. बसा," म्हणाले.

मी नाही बसलो. म्हटलं, "मामा, मला घर बघायचंय."

"कोणासाठी?"

"मला. जांभूळच्या बाजूला."

"तुमचं आहे की एवढं चांगलं." मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला घर नकोय."

"नकोय," मी म्हणालो. "तुम्हाला असं बसलेलं बघवत नाही मला. उठा."

मामांनी फ्रेमकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा फ्रेमकडे. मग टेबलाला हात टेकून उठले, खिळ्यावरून ती फ्रेम काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि माझ्या हातात दिली. "छातीशी धरा, नंबर बाहेर दिसला पाहिजे. दर्शनी भागात म्हणजे दर्शनी भागात." आणि शटर ओढलं. त्या दिवशी जांभूळच्या रस्त्याला ज्यांनी ज्यांनी आम्हाला पाहिलं त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मामा घरं दाखवत होते, ही बांधली तेव्हा तिथे भात होता, त्या इमारतीत पाणी चढत नाही, ती चांगली आहे पण लिफ्ट कायम बंद, आणि मी फ्रेम धरून चालत होतो. बरंच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला धाप लागलेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मामांच्या बरोबरीने चालत होतो, आणि माझा वेग काही वाढलेला नव्हता. मामांच्या अजून ते लक्षात आलं नसावं. मी गुडघा धरला, "हळू चाला हो मामा, तुमच्यापुढे कोणाचा निभाव लागणार?" असं म्हणालो आणि थोडा मागे राहिलो.